पालक की मेथी? दोन भाज्यांची तुलना ताटापर्यंत नेऊन कशी करायची

शेजारच्या नववीतल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तक्ता केला होता. पालक : 100 ग्रॅमला 23 कॅलरी. मेथी : 100 ग्रॅमला 323 कॅलरी. छान रंगवलेला, शिक्षकांची सही झालेला तक्ता. तो वाचून तिच्या बाबांनी आठवडाभर मेथीच्या भाजीला हात लावला नाही. मुलीचा हिशेब बरोबर होता, चूक भलतीकडेच होती. 323 हा आकडा मेथीच्या दाण्यांचा आहे, पाल्याचा नाही.

अशा चुका मी ठाण्यात आमच्याच सोसायटीत इतक्या पाहिल्यात, की आता कुणी "काकू, लोह कशात जास्त, पालकात की मेथीत?" असं विचारलं की मी उत्तर देत नाही, वजनकाटा हातात देते. मोबाइलवर दोन आकडे सापडतात, मोठा आकडा जिंकतो आणि विषय संपतो. पण ते आकडे कच्च्या, निवडलेल्या 100 ग्रॅम पानांचे असतात. आपण खातो ती फोडणी घातलेली वाटीभर भाजी. या दोहोंच्या मध्ये देठं, माती, पाणी, कढई आणि घरातली माणसं येतात. तेवढी वाट चालून गेल्यावर निकाल बदलतो, कधी पार उलटतो.

खालची पद्धत कोणत्याही दोन भाज्यांना लागू पडते. उदाहरण पालक आणि मेथीचं घेतलंय, कारण चुकायच्या जवळजवळ सगळ्या जागा या जोडीत आहेत.

## टप्पा 1 : आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"पौष्टिक काय?" हा प्रश्न नाही. त्याला उत्तर नसतं. वहीत एकच ओळ लिहा : कोणासाठी, कोणता घटक, कोणत्या पदार्थातून.

उदाहरणार्थ : "हिमोग्लोबिन कमी आलेल्या सुनेसाठी, लोह, रात्रीच्या भाजीतून." किंवा "सासूबाईंना दूध पचत नाही, त्यांच्यासाठी कॅल्शियम." किंवा "पोट साफ होत नाही, चोथा कशातून जास्त जाईल?"

प्रश्न बदलला की विजेता बदलतो. फोलेट (बी गटातलं एक जीवनसत्त्व) हवं असेल तर पालक पुढे, चोथा हवा असेल तर मेथी. हे न ठरवता दहा घटकांचा तक्ता मांडला, की माणूस आपल्या आवडत्या भाजीच्या बाजूचे चार आकडे उचलतो आणि बाकीचे विसरतो. मी केलंय हे, मेथीच्या बाबतीत.

घटक दोन, फार तर तीन घ्या.

सावध : रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा मुतखड्याचा त्रास असेल, तर हा हिशेब नंतर, आधी डॉक्टर. दोन्ही पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि पालकात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवणारा घटक. अशा माणसाच्या ताटात पालेभाजी अचानक वाढवणं किंवा बंद करणं हा घरगुती प्रयोग नव्हे. तसंच गरोदर बाईची लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कोणत्याही भाजीने भरून निघत नाही.

## टप्पा 2 : हातातली भाजी नेमकी कोणती, ते पक्कं करा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण मेथी म्हणजे मेथी असं वाटतं. पण जांभळी नाक्याच्या मंडईत एकाच फेरीत तीन "मेथ्या" दिसतील.

एक, नेहमीची मोठ्या जुडीची मेथी. दोन, समुद्रमेथी : बोटभर उंचीची, तळाशी वाळू लागलेली, छोट्या छोट्या जुड्यांत बांधलेली. तीन, बाजूच्या किराणावाल्याकडची कसुरी मेथी, सुकवलेली. तक्त्यातला "मेथीची पाने" हा आकडा पहिल्या मेथीचा आहे. समुद्रमेथी हे अगदी कोवळं रोप, त्याला तोच आकडा लावणं म्हणजे पाच वर्षांच्या पोराला बापाचा शर्ट घालणं. कसुरी मेथीतून पाणी उडालेलं असतं, त्यामुळे तिचे 100 ग्रॅमचे आकडे अवाढव्य दिसतात. पण भाजीत चिमूटभरच पडते. आणि चौथी मेथी म्हणजे दाणे, जिने वरच्या मुलीला फसवलं.

पालकातही एक गोम आहे. आपल्याकडे "पालक" या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. रुंद, गुळगुळीत पानांचा देशी पालक हा खरं तर बिटाच्याच जातीतला, आणि परदेशी तक्त्यांतला "स्पिनॅच" वेगळा. घरगुती हिशेबाला हा फरक चालवून घेता येतो, पण दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून भांडू नये.

तपासणी : तक्त्यात मेथीपुढे 100 ग्रॅमला तीनशेच्या वर कॅलरी दिसल्या तर थांबा, तुम्ही दाण्यांच्या ओळीत आहात. ताज्या पाल्याला कुठल्याही पालेभाजीत इतक्या कॅलरी नसतात.

## टप्पा 3 : ओट्यावरची तयारी

लागतं ते एवढंच : एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक परात, दोन पातेली, वही-पेन. मोबाइलवर टिपू नका, हात ओले असतात.

काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवा, शेगडीच्या कडेला नाही. न फोडलेली मिठाची एक किलोची पिशवी ठेवून बघा. हजाराच्या किंचित वर आकडा आला, म्हणजे पिशवीचं वजन धरून, तर काटा ठीक. 960 दाखवत असेल तर बॅटरी बदला.

परात आधी ठेवा, मग शून्य करा, मग भाजी. शून्य न करता तोलून नंतर "परात साधारण तीनशे ग्रॅमची असेल" असं वजा करणारी माणसं मला माहीत आहेत. त्यातले एक इंजिनियर आहेत.

दोन्ही भाज्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच वेळी आणा. सोमवारचा ताजा पालक आणि फ्रिजमध्ये गुरुवारपर्यंत राहिलेली मेथी यांची तुलना केलीत, तर सी जीवनसत्त्वाच्या बाबतीत तुम्ही भाज्यांची नव्हे, फ्रिजची तुलना केली. पावसाळ्यात वाशीच्या बाजारातून येणारा पाला भिजलेला, चिखल लागलेला असतो आणि जुडीच्या वजनात बराचसा तोच असतो. पहिला प्रयोग थंडीत करा. भाजी स्वस्त, कोरडी आणि ताजी मिळते.

## टप्पा 4 : तोलण्याचा क्रम : निवडा, तोला, मग धुवा

क्रम उलटा झाला की पुढचं सगळं वाया, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पहिलं वजन : जुडी जशी आणली तशी, दोरा काढून.

दुसरं वजन : निवडून झाल्यावर, जे खाणार तेवढंच. कोरडं.

मग धुवायचं. धुतल्यावर तोलायचं नाही.

मी स्वतः पहिल्यांदा धुऊन, चाळणीत निथळवून तोललं होतं. 264 ग्रॅम निवडलेला पालक धुतल्यावर 331 ग्रॅम भरला. 67 ग्रॅम नुसतं नळाचं पाणी, आणि मी त्यात लोह मोजत बसले होते. पालकाचं पान मोठं आणि खोलगट, ते पाणी धरतं. मेथीचं पान लहान, पण चाळणीत त्याचा गठ्ठा होतो आणि आत पाणी अडकतं. दोघांची पाणी धरण्याची तऱ्हा वेगळी असल्याने चूकही दोन्हीकडे सारखी होत नाही, आणि तुलना तिथेच वाकडी होते.

चिखल फारच असेल, तर जुडी न सोडता मुळांकडचा भाग तेवढा पाण्यात खळबळून घ्या, पानं वर धरून. सुती पंचावर तासभर पसरा. मग निवडा.

आता निवडण्याबद्दल. पालकाचं पान आणि त्याखालचं बोटाच्या पेराएवढं कोवळं देठ, एवढं "खाण्याचा भाग" म्हणून धरा. जाड देठं मी वरणात घालते, फेकत नाही. पण त्यांचं वजन वेगळं लिहा, पानांत मिसळू नका. मेथीची पानं आणि शेंड्याकडचं नखाने सहज तुटणारं देठ घ्या. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायका मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडतात ना, त्यांचा अंगठा बघा. देठ दाबलं की लगेच तुटलं तर पिशवीत, वाकलं तर दुसऱ्या पिशवीत. दादरला सुरू केलेली जुडी मुलुंडपर्यंत संपते. तोच नियम इथे.

माझ्या वहीतले एका दिवसाचे आकडे असे :

- पालकाची जुडी 402 ग्रॅम. मुळं, माती, पिवळी पानं 58, जाड देठं 80, पानं 264. किंमत 20 रुपये.
- मेथीची जुडी 436 ग्रॅम. देठं आणि मुळं 231, पिवळी पानं आणि गवत 17, पानं 188. किंमत 30 रुपये.

म्हणजे पालकाच्या जुडीतला जवळपास दोन तृतीयांश भाग पातेल्यात गेला, मेथीचा निम्म्याहूनही कमी. तुमची जुडी वेगळी निघेल. माझे आकडे उतरवून घेऊ नका, आपले काढा.

तपासणी : पानं, देठं आणि कचरा यांची बेरीज पहिल्या वजनाशी जुळली पाहिजे. पाच-सहा ग्रॅमचा फरक चालेल. चाळीसचा फरक आला तर काहीतरी ओलं होतं किंवा परात शून्य केली नव्हती.

## टप्पा 5 : एकच तक्ता, आणि त्यातली एककं नीट वाचा

भारतीय भाज्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 सालचे भारतीय खाद्य घटक तक्ते वापरा. 528 खाद्यपदार्थ त्यात आहेत आणि नमुने देशाच्या सहा विभागांतून घेतलेले आहेत. दोन्ही भाज्यांचे आकडे त्यातूनच घ्या.

पालक अमेरिकी तक्त्यातून आणि मेथी भारतीय तक्त्यातून, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कारण पालक तिकडे सहज सापडतो, मेथीचा पाला सापडत नाही. एकाच संस्थेची जुनी आणि नवी पुस्तकंसुद्धा मिसळू नयेत. जुन्या पुस्तकात मेथीच्या पानांचं कॅल्शियम 395 मिलिग्रॅम होतं, नव्यात ते 274 च्या आसपास आहे. नमुने वेगळे, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. दोन्ही आपापल्या जागी खरे, पण एकमेकांशेजारी मांडायचे नाहीत.

नव्या तक्त्यातले, 100 ग्रॅम कच्च्या पानांचे ढोबळ आकडे :

- पालक : लोह 2.95 मिलिग्रॅम, कॅल्शियम 82 मिलिग्रॅम, चोथा 2.4 ग्रॅम, सी जीवनसत्त्व 30 मिलिग्रॅम.
- मेथी : लोह 5.7 मिलिग्रॅम, कॅल्शियम 274 मिलिग्रॅम, चोथा 4.9 ग्रॅम, सी जीवनसत्त्व 58 मिलिग्रॅम.

फोलेटमध्ये मात्र पालक पुढे, 100 ग्रॅमला सुमारे 140 मायक्रोग्रॅम.

एककांचे तीन खड्डे आहेत. पहिला : या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. पालकापुढे 102 दिसेल, त्या कॅलरी नाहीत. 4.184 ने भागा, 24 येतील. मेथीचे 144 म्हणजे 34 कॅलरी. दुसरा : फोलेट मायक्रोग्रॅममध्ये असतं, लोह मिलिग्रॅममध्ये. "पालकात लोह 3 आणि फोलेट 140, म्हणजे फोलेट पन्नासपट" असं लिहिलेलं मी वाचलंय. तिसरा : पानांतलं बीटा कॅरोटीन म्हणजे थेट ए जीवनसत्त्व नव्हे. एका ठिकाणी कॅरोटीनचा आकडा आणि दुसऱ्या ठिकाणी ए जीवनसत्त्वाचा घेतला, की एक भाजी उगाच बारापट होते.

सावध : "मेथीत पालकाच्या जवळपास दुप्पट लोह" हे इथवर बरोबर आहे. बहुतेक लोक इथेच वही बंद करतात. आपण अर्ध्या वाटेवर आहोत.

## टप्पा 6 : जुडीवरून वाढपावर या

सूत्र एकच : निवडलेल्या कच्च्या पानांचं वजन भागिले खाणारी माणसं, गुणिले तक्त्यातला आकडा, भागिले 100.

आम्ही चार जण. पालकाची पातळ भाजी केली, 264 ग्रॅम पानं, माणशी 66 ग्रॅम. मेथीची मूगडाळ घालून भाजी केली, 188 ग्रॅम पानं, माणशी 47 ग्रॅम.

लोह : पालकातून 66 × 2.95 ÷ 100 = 1.95 मिलिग्रॅम. मेथीतून 47 × 5.7 ÷ 100 = 2.68 मिलिग्रॅम.

चोथा : पालकातून 1.6 ग्रॅम, मेथीतून 2.3 ग्रॅम.

कॅल्शियम : पालकातून 54, मेथीतून 129 मिलिग्रॅम. याच्याबद्दल पुढे बोलायचंय, हा आकडा अजून पक्का धरू नका.

कॅलरी : दोन्हीकडे 16. होय, सारख्याच. "मेथीत कॅलरी जास्त" हे 100 ग्रॅमला खरं, पण ताटात मेथी कमी येते, त्यामुळे फरक उरत नाही. तेलाच्या एका चमचात याच्या अडीचपट तरी कॅलरी असतात, ते वेगळंच.

बघा, लोहाची दुप्पट आघाडी दीडपटीच्याही खाली आली. आणि रुपयात मोजलं तर? 20 रुपयांच्या पालकातून एकूण 7.8 मिलिग्रॅम लोह, म्हणजे रुपयाला 0.39. मेथीच्या 30 रुपयांतून 10.7, म्हणजे रुपयाला 0.36. त्या दिवशीच्या भावाने पालक थोडा पुढेच. घोडबंदर रोडकडच्या माझ्या भाचीने हाच हिशेब दहा मिनिटांत घरी येणाऱ्या निवडलेल्या मेथीच्या पाकिटावर केला. तिथे कचरा नाही, पण भाव असा की मेथी कुठल्या कुठे मागे पडली.

या टप्प्यावर तीन चुका हमखास होतात.

शिजलेली भाजी तोलून तिला कच्च्याचा आकडा लावणं. शिजलेल्या वाटीत पाणी, डाळ, कांदा, शेंगदाणे, तेल सगळं आलं. त्या 150 ग्रॅमला पालकाचा आकडा लावलात, तर ताकाला आणि बेसनालाही पालक धरलंत. हिशेब नेहमी कच्च्या पानांवरूनच.

डाळीचं श्रेय भाजीला देणं. मेथीच्या भाजीत मूगडाळ, पालकाच्या भाजीत चणाडाळ आणि शेंगदाणे. प्रथिनं तिकडून येतात. त्यांची वेगळी ओळ लिहा.

आणि ठेपले. दोन ठेपले खाल्ले म्हणजे मेथी खाल्ली असं आपण समजतो. 100 ग्रॅम पानांचे बारा ठेपले होतात, दोन ठेपल्यांत जेमतेम 17 ग्रॅम मेथी. लोह एक मिलिग्रॅमच्या आत. ठेपले जरूर खा, मीही खाते, पण त्यांना भाजीच्या रकान्यात बसवू नका.

तपासणी : आलेला आकडा रोजच्या गरजेशी ताडून बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. मेथीच्या वाटीतून स्त्रीची गरज 9 टक्के भागते, पालकाच्या वाटीतून 7 टक्क्यांच्या जवळपास. तुमच्या हिशेबात एका वाटीने निम्मी गरज भागत असेल, तर दशांश चिन्ह सरकलंय.

## टप्पा 7 : कढईत काय गेलं, ते वजा करा

लोह आणि कॅल्शियम उष्णतेने नष्ट होत नाहीत. ते पाण्यात उतरतात, आणि पाणी फेकलं तरच जातात. सी जीवनसत्त्व आणि फोलेट मात्र उष्णता आणि पाणी दोन्हीला नाजूक. अमेरिकी तक्त्यात कच्च्या पालकात 28 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व आहे, उकडून पाणी काढलेल्यात 10. म्हणून घरच्या हिशेबात मी शिजल्यावर सी जीवनसत्त्व निम्मं धरते, उकडून पाणी फेकलं तर एक तृतीयांश, आणि पुढे "अंदाज" असं लिहिते. हा शब्द गाळू नका. अंदाजाला मापाचा रुबाब देऊ नये.

आपल्या दोन सवयींवर लक्ष ठेवा. मेथी चिरून मीठ लावून पिळणं : कडूपणा जातो, हिरवं पाणी वाटीभर निघतं आणि मोरीत जातं. त्यात विरघळणारी जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम असतं. पिळायचीच असेल, तर ते पाणी ठेपल्याच्या कणकेत घाला, आणि मग मीठ कमी करा. दुसरी सवय चिरून मग धुण्याची. कापलेल्या कडांतून जे बाहेर येतं ते नळाखाली वाहून जातं. आधी धुवा, मग चिरा.

तुलना करायची तर दोन्ही भाज्यांना एकच कढई. लोखंडी कढईत शिजवलेल्या पदार्थात कढईचं लोह उतरतं, आंबट असेल तर जास्तच. पालकाची ताक घातलेली भाजी लोखंडी कढईत आणि मेथी नॉनस्टिकवर केलीत, तर जिंकेल ती कढई. शिवाय ताकाची भाजी लोखंडात काळी पडते आणि घरचे नाकं मुरडतात, ते वेगळं.

सावध : पालकाचा रंग हिरवा राहावा म्हणून सोडा घालू नका. रंग राहतो, सी जीवनसत्त्व राहत नाही.

## टप्पा 8 : पोटात गेलं ते अंगी लागतं का

कॅल्शियमचा आकडा राखून ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठी.

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, 100 ग्रॅमला साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. ते कॅल्शियमला असं घट्ट धरून ठेवतं की शरीराला त्यातलं फारसं सोडवून घेता येत नाही. माणसांवर केलेल्या मोजणीत पालकातलं कॅल्शियम जेमतेम 5 टक्के शोषलं गेलं, दुधातलं 30 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पालकाच्या वाटीतल्या 54 मिलिग्रॅमपैकी हाती येतं तीनच्या आत. दीडशे मिलिलिटर दुधातून त्याच्या पंधरापटीहून जास्त मिळतं. कॅल्शियमसाठी पालक निवडणं हा तक्त्याने केलेला घात आहे.

मेथीत ऑक्झलेट फारच कमी, त्यामुळे तिथलं कॅल्शियम इतकं अडकून पडत नाही. म्हणून कॅल्शियमच्या प्रश्नात मेथी 2.4 पटीने पुढे, असं जे सहाव्या टप्प्यावर दिसलं, तो फरक खरं तर त्याहून मोठा आहे. नेमका किती, ते गुणाकार करून लिहू नका. "मेथी स्पष्ट पुढे" एवढंच लिहा.

पालक उकडून पाणी फेकल्याने पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं जातं. पण फोलेटही जातं. मग काय करायचं? पहिल्या टप्प्यातली ओळ वाचा. मुतखड्याची चिंता असेल तर पाणी फेका, फोलेटसाठी पालक आणला असेल तर फेकू नका. एकाच भांड्यात दोन्ही साधत नाही.

लोहाचं तंत्र वेगळं. भाज्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, ते वाढवता येतं आणि घटवताही येतं. जेवताना लिंबू पिळलं की सी जीवनसत्त्व लोहाला हात देतं. लिंबू गॅस बंद केल्यावर, ताटातच पिळा. जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातले घटक लोह अडवतात, तासभर तरी जाऊ द्या. आमच्याकडे रविवारी दुपारी मेथीची भाजी-भाकरी झाली की पाठोपाठ चहाचं आधण चढतं. ते आधण तासभर उशिरा चढवल्यामुळे होणारा फायदा पालक सोडून मेथी आणण्याच्या फायद्याहून मोठा असू शकतो. पालक-पनीर लोहासाठी खात असाल तर तेही तपासा, पनीरमधलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं. चवीसाठी खा.

## टप्पा 9 : निकाल कसा लिहायचा

पहिल्या टप्प्यात लिहिलेला प्रश्न वर, खाली उत्तर, आणि उत्तरात अटी. "मेथी श्रेष्ठ" असं नाही. माझ्या वहीतली नोंद अशी आहे :

"लोह, चौघांचं जेवण, एकेक जुडी : वाढपामागे मेथी 2.7, पालक 1.95. रुपयामागे पालक किंचित पुढे. लिंबू दोन्हीवर. कॅल्शियम : मेथी, पालक धरूच नये. फोलेट : पालक, 66 ग्रॅमला कच्च्यात 92 मायक्रोग्रॅम, शिजल्यावर कमी (अंदाज). भाव : मेथी 30, पालक 20, जानेवारी."

महिना लिहायला विसरू नका. श्रावणात मेथीची जुडी दुप्पट भावाची आणि निम्म्या पानांची होते, तेव्हा रुपयाची ओळ पुन्हा काढावी लागते. तक्त्यातले आकडे तेच राहतात, त्यामुळे फक्त चौथा आणि सहावा टप्पा परत करायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे, त्यातली दहा मिनिटं निवडण्यातच जातात.

शेजारच्या मुलीने तक्ता पुन्हा केला, मेथीपुढे 34 लिहिलं आणि शिक्षकांना दाखवला. त्यांनी विचारलं, आधीचा आकडा कुठून आणला होतास? तिने खिशातून मेथीचे चार दाणे काढून टेबलावर ठेवले.